प्रकरण एकोणीस : पास झालेलं दार

“मोटारगाडी ही वस्तू माणसानं एकोणीसशे सत्त्याऐंशी साली पूर्ण केली. त्यानंतर जे चाललंय, ती नुसती तिची खोडी काढणं आहे.”

बेलग्रेडच्या मोटार प्रदर्शनाच्या दारात हात पाठीशी बांधून तिहोमिर वुकोमानोविच हे बोलला. सगळ्या युगोस्लाव्हियाच्या वतीनं बोलावं तसा आवाज लावून बोलला. तो देश आता उरला नव्हता, पण आवाज शाबूत होता. मागच्या चौघांपैकी दोघांनी माना डोलावल्या, एकानं घड्याळ पाहिलं आणि एकीनं पर्सची चेन ओढली.

“काका,” पहारेकरी म्हणाला, “हे बाहेर पडायचं दार. आत जायचं तर पलीकडून, वळसा घालून.”

क्रागुयेवाट्सच्या मोटार कारखान्यात एकतीस वर्षं दारं तपासलेल्या माणसाला, दार चुकलं म्हणून, कालच्या पोरानं सांगावं! तिहोमिरनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि बिजागरीवर बोट ठेवून म्हणाला, “हे खाली उतरलंय. तीन मिलिमीटर.” मग वळसा घालायला निघाला.

माना डोलावणारे दोघं म्हणजे ल्युबिसाव आणि मिलेता. ल्युबिसाव त्याच कारखान्यात रंगखात्यात होता, मिलेता आसनं शिवायच्या खात्यात. मिलेता शिवाय घरचा कूमही होता. तिहोमिरच्या मुलाला, रादोशला, बाप्तिस्म्याला हातात धरलं ते त्यानं, आणि कूम म्हटला की घरात त्याच्या शब्दाला सख्ख्या काकापेक्षा जास्त वजन. घड्याळ पाहणारा तो हाच रादोश. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता आणि घरातही त्याचं काम दाब समान ठेवण्याचंच होतं. पर्सची चेन ओढणारी ती त्याची बायको, वेरित्सा. तिच्याशी तिहोमिरचं निकोलादिनापासून युद्ध चालू होतं.

निकोलादिन म्हणजे वुकोमानोविच घराण्याच्या कुलसंताचा सण. वेरित्सानं दोन दिवस खपून गव्हाचा गोड प्रसाद केला होता. वर पिठीसाखर, साखरेवर अक्रोडांचा क्रूस. तिहोमिरच्या सत्त्याऐंशी सालच्या लाल गाडीतून तो चर्चमध्ये न्यायचा होता. ताट तिनं पायाशी ठेवलं. चर्चच्या वळणावरच्या खड्ड्यात गाडीच्या तळाचा पत्रा सुटला, आणि प्रसाद ताटासकट रस्त्यावर राहिला. गाडी पुढे गेली. मागून पाद्रीबाबांची गाडी येत होती. तिचं चाक बरोबर क्रुसावरून गेलं. पाद्रीबाबा खाली उतरले, आणि आता काय करणार म्हणून त्यांनी प्रसादाला तिथंच, डांबरावर, आशीर्वाद देऊन टाकला.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वेरित्सा म्हणाली, “बाबा, एक तर ती गाडी ह्या घरात राहील, नाही तर मी.”

तिहोमिर विचार करू लागला. ही त्याची चूक झाली.

मग तीन महिने निरोप रादोशमार्फत चालले. शेवटी करार ठरला, आणि रादोशनं तो चर्चच्या कॅलेंडरच्या मागे लिहून काढला. प्रदर्शनाला सगळ्यांनी जायचं. तिहोमिरनं दार, ल्युबिसावनं रंग आणि मिलेतानं आसन बघायचं. तिघांनी एकमतानं एखादी गाडी पास केली, की तिहोमिरनं तिथल्या तिथं लाल गाडीची किल्ली वेरित्साच्या हातात द्यायची. पास केलेली गाडी रादोश घेणार. तिहोमिरला कुठं जायचं असलं की त्यानं फक्त सांगायचं.

“लागेल तेव्हा सांगा बाबा, नेत जाऊ तुम्हाला,” असं रादोश फार प्रेमानं म्हणाला होता. तिहोमिरला ते वाक्य ओळखीचं वाटलं. घरचा घोडा विकला तेव्हा त्यानं स्वतःच्या बापाला हेच सांगितलं होतं. बापानं नंतर कधी काही सांगितलं नाही, आणि तो कुठं गेलाही नाही.

म्हणून पंचांची नावं तिहोमिरनंच सुचवली होती. दर गुरुवारी ग्रुझाच्या तळ्यावर मासे धरायला ल्युबिसाव आणि मिलेता त्याच्याच गाडीतून जात. ते कशाला स्वतःचा गुरुवार बुडवतील? तरी आज येताना, बेलग्रेडच्या रस्त्यावर, रादोश आणि वेरित्सा आपल्या गाडीतून मागे असताना, लाल गाडीत त्यानं दोघांना बजावलं होतं.

“एकही पास करायची नाही.”

“माझ्याकडून तर शक्यच नाही,” ल्युबिसाव म्हणाला.

“तिहा, कूमवर अविश्वास?” असं म्हणून मिलेता दुखावला, आणि त्या भरात बेलग्रेडऐवजी नोवी सादला पोचवेल असा रस्ता दाखवून बसला.

आत, त्या प्रचंड घुमटाखाली, गाड्या दिव्यांखाली लग्नातल्या नवऱ्यांसारख्या उभ्या होत्या. तिहोमिर कामाला लागला. त्याची पद्धत ठरलेली. दार पूर्ण उघडायचं, दोन बोटांनी ढकलायचं, गाडीकडे पाठ करायची आणि डोळे मिटायचे. मग नखानं फट तपासायची.

पहिलं दार लागलं.

“हे दार नाही. फ्रीज आहे.”

दुसऱ्या गाडीची दोन्ही दारं त्यानं एकामागून एक लावली. “डावं ‘हो’ म्हणतंय, उजवं ‘बघू’ म्हणतंय. नवरा-बायकोत चालेल. गाडीत नाही.”

तिसऱ्या गाडीचं दार बटण दाबलं की आपलं आपण लागे. तिथल्या तरुणानं ते अभिमानानं तीनदा लावून दाखवलं.

“मग मला कशाला विचारता?” तिहोमिर म्हणाला. “ह्यानं स्वतःच स्वतःला पास केलंय.”

चौथ्या गाडीच्या दाराला मूठच नव्हती. मिलेता पत्र्यावरून हात फिरवत राहिला, आंधळ्यानं भिंत चाचपावी तसा.

“किल्ली जवळ असली की मूठ आपोआप बाहेर येते,” तरुण म्हणाला.

“म्हणजे आपण दाराला आवडलो तर,” तिहोमिर म्हणाला. “पुढे चला.”

वेरित्सा मागून येत होती आणि काही बोलत नव्हती. हे तिहोमिरला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. बारा वर्षांत ती एवढा वेळ गप्प बसलेली त्याला आठवत नव्हती.

पाचव्या गाडीत मिलेता बसला. आसन आपोआप मागे सरकलं, गरम झालं, आणि पाठ हळूहळू मळू लागलं. मिलेताचा चेहरा बदलला. बाप्तिस्म्याचं पाणी पडल्यावर रादोशचाही असाच झाला होता.

“पास,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“काय?”

“आसन पास. मघाचंही पास. त्याच्या आधीचंही.”

“अरे, त्याच्या आधीच्या गाडीत तू बसलाच नव्हतास!”

“लांबून कळतं. चाळीस वर्षं शिवलीत मी.”

“मिलेता, खरं सांग. तुला काय दिलंय हिनं?”

मिलेतानं एक डोळा उघडून वेरित्साकडे पाहिलं. वेरित्सा छताचे दिवे मोजत होती.

“गिबानित्सा,” मिलेता म्हणाला. “तीन रविवार झाले. पूर्ण ट्रे. आणि चीज कसं, थराथरात! तिहा, बायको गेल्यापासून माझ्या घरात ओव्हन पेटला नव्हता रे. मी तरी काय करू?”

“आणि गुरुवार?”

“नव्या गाडीतून जाऊ की गुरुवारी. पाठ मळत मळत.”

तिहोमिरनं ल्युबिसावकडे वळून पाहिलं. ल्युबिसाव एका काळ्या गाडीपुढे उभा होता.

“रंग पास,” तो पटकन म्हणाला. “काय सुंदर निळा आहे.”

“ती काळी आहे.”

“काळीही सुंदर आहे.”

मग तेही बाहेर पडलं. ल्युबिसावच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची यादी पुढल्या हिवाळ्यापर्यंत गेली होती, आणि वेरित्सा डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती. ल्युबिसावचा नंबर आता ईस्टरच्या आधी लागणार होता.

“आंधळ्याला रंग बघायला बसवलंस?” तिहोमिरनं सुनेला विचारलं. तीन महिन्यांत तिच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

“पंच तुम्ही निवडलेत बाबा,” वेरित्सा गोड आवाजात म्हणाली. “मी फक्त त्यांची काळजी घेतली.”

“वेरा, हे जरा...” रादोश म्हणाला.

“तू गप्प. तुझ्या पायाशी नव्हतं ताट.”

रादोशनं पुन्हा घड्याळ पाहिलं. दाब समान राहिला.

तिहोमिरनं मनात हिशेब मांडला. दोन पंच फुटले, तिसरा तो स्वतः. तो नाही म्हणाला की एकमत नाही. सोपं होतं. सगळी दारं नापास करायची आणि संध्याकाळच्या आत लाल गाडीतून घरी जायचं. तसंही आतापर्यंत एकही दार पास करण्यासारखं नव्हतं, म्हणजे खोटं बोलायचीही वेळ येणार नव्हती. त्याला एकदम हलकं वाटलं. तो पुढच्या दालनात गेला. वाटेत त्यानं सहा दारं नापास केली. त्यांतली दोन गाड्यांची नव्हती, स्वच्छतागृहाची होती.

त्या दालनाच्या मध्यभागी पांढऱ्या गालिच्यावर ती चंदेरी गाडी उभी होती. एकटी. भोवती दोरी.

“हात नका लावू प्लीज,” दोरीजवळची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर अंजेलिया असं लिहिलं होतं.

“चला,” तिहोमिर खुशीत म्हणाला. “ही बघायचीच नाही.”

पण वेरित्सा पुढे झाली. “हे बघ बाळ, हे माझे सासरे. क्रागुयेवाट्सच्या कारखान्यातलं एकही दार एकतीस वर्षं ह्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. एकदा बेलग्रेडहून पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर ह्यांनी खुद्द संचालकसाहेबांची गाडी नापास केली. पगारवाढ गेली, पण दार बदलायला लावलं. आणि तू त्यांना हात लावू नका म्हणतेस?”

तिहोमिर चकित झाला. ही गोष्ट तो जेवताना सांगायला लागला की वेरित्सा ताटं उचलायला उठत असे. ऐकत होती म्हणजे.

अंजेलियानं इकडंतिकडं पाहिलं. “माझे आजोबा पण तिथंच होते. ओतकामात,” ती हळूच म्हणाली आणि तिनं दोरीचा आकडा काढला. “एकदाच हं काका.”

तिहोमिरनं दार पूर्ण उघडलं. दोन बोटांनी ढकललं. पाठ केली, डोळे मिटले.

दार लागलं. म्हणजे, लागल्याचं ऐकू आलं नाही. फक्त दालनातला बाकीचा गलबला क्षणभर जरा लांब गेला आणि परत आला.

त्यानं ते पुन्हा उघडून लावलं. मग उजव्या बाजूचं. फटीवरून नख फिरवलं. वरपासून खालपर्यंत नख कुठं अडलं नाही, कुठं पडलं नाही. एकतीस वर्षांत असं दार त्याच्या हाताखालून किती वेळा गेलं असेल? चारदा, फार तर पाचदा. एकदा त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं, आज एक दार आलं होतं म्हणून. तिनं विचारलं होतं, कुणाच्या घराचं?

“काय बाबा?” रादोशनं विचारलं.

काहीही म्हणता आलं असतं. रबर कच्चं आहे. बिजागरी घट्ट आहे. कुलूप कोरडं वाजतंय. मिलेताला कळलं नसतं, ल्युबिसावला दिसलं नसतं. सगळ्या बेलग्रेडमध्ये ह्या दाराचा दुसरा साक्षीदार नव्हता. तिहोमिरचा हात कोटाच्या आत, किल्लीवर गेला. ग्रुझाचं तळं, पहाटेचं धुकं, कुणालाही न विचारता सुरू होणारं इंजिन, सगळं तिथं, त्या खिशात होतं.

वाईट दाराला चांगलं म्हणायला लोकांनी त्याला खूपदा सांगितलं होतं, आणि त्यानं ते कधी केलं नव्हतं. चांगल्या दाराला वाईट म्हणायची पाळी मात्र पहिल्यांदाच आली होती. हे पाप कारखान्यात कुणाला सुचलंही नव्हतं.

“पास,” तो म्हणाला.

वेरित्सा त्याच्याकडे बघत राहिली.

“रंग पास!” ल्युबिसाव भरून आलेल्या आवाजात ओरडला, आणि आतल्या खिशातून त्यानं चपटी बाटली काढली. घरची रकिया, त्याच्या स्वतःच्या झाडांच्या प्लमची दारू. नव्या गाडीच्या चाकावर रकिया ओतल्याशिवाय ती आपली होत नाही, हे क्रागुयेवाट्समध्ये तान्ह्या मुलालाही माहीत असतं. गाडी कुणाची आहे, हे आधी विचारायचं असतं, ते मात्र ल्युबिसाव त्या क्षणी विसरला. “तिहा, तुझ्या मनाच्या मोठेपणासाठी!” म्हणून त्यानं पुढच्या चाकावर निम्मी बाटली ओतली.

अंजेलिया किंचाळली. “गळतंय! काहीतरी गळतंय!”

काळ्या शर्टातले दोघं आग विझवायची लाल नळकांडी घेऊन धावत आले. कुणीतरी बॅटरी म्हणालं, कुणीतरी मागे व्हा म्हणालं. आसपासची माणसं मागे होण्यासाठी पुढे आली. रादोश दोन्ही हात वर करून “रकिया आहे, रकिया!” असं ओरडू लागला. त्यामुळे आणखी माणसं आली.

तेवढ्यात सगळ्यांनी पाहिलं. रकिया जिथं जिथं वाहिली होती, तिथला चाकाचा चंदेरी रंग तिच्याबरोबर खाली उतरून गालिच्यावर चालला होता. आतून पिवळट प्लास्टिक बाहेर आलं.

“ल्युबिसाव,” मिलेता म्हणाला, “तुझा पास झालेला रंग चाललाय बघ.”

ल्युबिसाव वाकून, नाक चाकाला लागेपर्यंत वाकून बघू लागला. मग सरळ झाला. “मला दिसलाच नव्हता,” तो म्हणाला. “देवाशप्पथ तिहा. मला गाडी पण नीट दिसली नव्हती.”

जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक इंजिनिअर आले. त्यांनी चाकाचा वास घेतला, नंतर बाटलीचा घेतला, आणि दुसरा वास जरा जास्त वेळ घेतला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की ही विकायची गाडी नाही. नुसता दाखवायचा नमुना, असा एकच केलेला. आत इंजिन नाही, बॅटरी नाही, चाकं प्लास्टिकची. ढकलूनच इथवर आणलीय.

“काहीच नाही आत?” रादोशनं विचारलं. त्याच्या आवाजात लपवता न येणारा आनंद होता.

“दारं तेवढी खरी आहेत. आमचा एक म्हातारा कारागीर सहा आठवडे नुसती दारंच बसवत होता. हातानं.”

“नाव काय त्याचं?” तिहोमिरनं विचारलं.

इंजिनिअरांना नाव माहीत नव्हतं.

“त्याला सांगा, क्रागुयेवाट्सनं पास केलंय.” थोडं थांबून तो म्हणाला, “म्हणावं, दोन्ही.”

त्यांनी वहीत लिहून घेतलं. बहुधा चाकाबद्दलच.

बाहेर आल्यावर मिलेताला जोर आला. “करार मोडला! रंग नापास, गाडी खोटी! कूम म्हणून सांगतो रादोश, तिहानं किल्ली द्यायचं कारण नाही.” गिबानित्सा पोटात असतानाही तो गुरुवारच्या बाजूला परत आला होता.

“हो हो,” रादोश म्हणाला. “बाबा, ही कशी घेणार आपण? तिला इंजिनच नाही. पुढच्या वर्षी परत बघू.”

ल्युबिसावनंही माझं मत परत घेतो म्हणून सांगितलं.

तिहोमिरनं कोटाच्या आतून किल्ली काढली. कातडी पट्टीतली, एका बाजूनं झिजलेली.

“ह्या दोघांचं मी सांगत नाही,” तो म्हणाला. “मी दाराचा माणूस. दार मी पास केलं. गाडी चालली पाहिजे असं करारात कुठं लिहिलंय? वेरित्सा, घे.”

“बाबा, राहू द्या हो.” वेरित्साची भांडणाची तयारी होती, ह्याची नव्हती. “माझंही जरा... ते डोळ्यांचं, गिबानित्साचं... तसं बरोबर नव्हतंच.”

“घे म्हणतो ना.”

तिनं घेतली. मिलेतानं नाक शिंकरलं. ल्युबिसावनं उरलेली रकिया पिऊन टाकली, कारण आता ती ओतायला जागा उरली नव्हती.

सावा नदीच्या कडेनं ते गाड्यांपाशी आले. रादोश पार्किंगचे पैसे भरायला यंत्र शोधत गेला. लाल गाडी भिंतीला अगदी चिकटून उभी होती, पलीकडच्या दारातून मांजरही शिरलं नसतं. वेरित्सा क्षणभर थांबली. ती दिल्या शब्दाची बाई होती, आणि घेतल्या किल्लीचीही.

“मीच नेते ही घरी,” ती म्हणाली. “तुम्ही तिघं रादोशच्या गाडीत बसा, आरामात.”

ती आत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. तिहोमिरनं नकळत पाठ केली, डोळे मिटले. अडतीस वर्षं झाली, तरी तळाचा पत्रा सोडला तर काही हललं नव्हतं.

इंजिन खोकलं. थांबलं. पुन्हा खोकलं, मग नुसतीच कट्‌ कट्‌. मग तेही नाही. तिन्ही म्हातारे हात पाठीशी बांधून नदी बघत उभे राहिले. ह्या गाडीला सुरू करायचं तर आधी दोनदा पेडल दाबून, बारा आकडे मोजून, मग थोडं अपमानास्पद बोलावं लागे. पण कुणी विचारलं नव्हतं.

काचेवर टकटक झाली.

चालकाच्या दाराची आतली कडी नऊ वर्षांपूर्वी तुटली होती. तेव्हापासून काच खाली घेऊन, हात बाहेर काढून ते बाहेरून उघडायचं. काच खाली करायची मूठ सारखी निसटे, म्हणून तिहोमिर ती कोटाच्या खिशातच ठेवी. आताही ती त्याच्या बोटांना लागली. करारात फक्त किल्लीचा उल्लेख होता.

वेरित्सा आतून बोलत होती. तोंड हलताना दिसत होतं, हातही हलत होते. बाहेर काहीही ऐकू येत नव्हतं.

“बघा,” तिहोमिर मित्रांना हळूच म्हणाला. “ह्याला म्हणतात दार.”

शेवटी वेरित्सानं तोंड दाराच्या रबरापाशी, वरच्या कोपऱ्यात नेलं, आणि आतून अगदी बारीक आवाज आला :

“बाबा, जरा उघडता का?”